हिमाचलातल्या माशांसाठी मिरजेत केलेली तयारी

गळ माझ्या उजव्या कानाच्या पाळीत रुतला तेव्हा मी मिरजेत, आमच्या घराच्या गच्चीवर उभा होतो, आणि ज्या ट्राउट माशासाठी हे चाललं होतं तो तिथून दोन हजार किलोमीटरवर होता.

"कुमुद!" मी हाक मारली. "जरा वर ये. येताना पक्कड आण."

माझी बायको पक्कड घेऊन वर आली. माझा कान आणि कानातून लोंबणारी कोंबड्याच्या पिसांची माशी तिने नीट न्याहाळली.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कानातलं कुठंय?"

"चेष्टा नंतर कर. गळाला उलटा काटा असतो. मागे ओढला तर पाळी फाटेल. पुढे ढकलायचा, टोक बाहेर आलं की काटा पकडीनं तोडायचा आणि उरलेला मागे काढायचा. पुस्तकात आकृती आहे."

"पुस्तकात आकृती आहे म्हणजे हे सगळ्यांचंच होतं."

"होतं."

"आणि तरी लोक करतात."

तिने गळ पुढे ढकलला. मी असा ओरडलो की शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणाऱ्या गोखलेवहिनी चादर टाकून खाली पळाल्या.

"भाऊजी परवा येणार," कुमुद कापसानं रक्त टिपत म्हणाली. "कानाला काय झालं म्हणून सांगणार त्यांना?"

"दाढी करताना कापलं."

"कानावर?"

मला दुसरं काही सुचलं नाही. ही एकोणीसशे नव्याण्णवच्या ऑक्टोबरातली गोष्ट. त्या काळात मला पहिलं जे सुचायचं ते बहुतेक खोटं असायचं.

मी पद्माकर बोडस, पाटबंधारे खात्यात आरेखक. तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. धरणाच्या भिंतीचे नकाशे काढण्यात हयात गेली, पण मासा हातात धरला नव्हता, ना जिवंत ना शिजवलेला. आमच्या घरात अंडं एकदाच आलं होतं, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून, आणि शिजलं होतं ते मागच्या अंगणात. असा माणूस गच्चीवर गळ घेऊन का उभा होता, हे सांगायचं तर फेब्रुवारीपर्यंत मागे जावं लागेल.

फेब्रुवारीत माझ्या थोरल्या भावाचं पत्र आलं. रत्नाकर माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बहात्तर साली तो कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. नव्वद साली आमची आई गेली, त्या सुमारास आमचं बिनसलं. तेव्हापासून नऊ वर्षं आमच्यात फोन नव्हता, पत्र नव्हतं, दिवाळीचं कार्डसुद्धा नव्हतं. आणि आता अचानक हे पत्र:

'पदू, ऑक्टोबरात पंधरा दिवस येतोय. चार दिवस मिरजेला तुमच्याकडे, मग आपण दोघं हिमाचलात जाऊ. तिथे तीर्थन नावाची नदी आहे, तिच्यात ट्राउट आहेत असं वाचलं. मी इथे फ्लाय फिशिंग करतो. म्हणजे पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की पकडायचा आणि परत सोडून द्यायचा. तुला यायला आवडेल का? नाही म्हणालास तरी मिरजेला येईनच. रत्नाकर.'

मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. 'जरूर जाऊ' असं लिहून सही करायची, एवढंच काम होतं. पण लहानपणी रतूदादा नदी पोहून पलीकडे जायचा तेव्हा मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचो. पुढे तो समुद्रापलीकडे गेला आणि मी मिरजेबाहेर बदली होऊ नये म्हणून अर्ज करत बसलो. या सगळ्याचा परिणाम असा की पुढचं वाक्य माझ्या पेनातून आपोआप उतरलं: 'योगायोग म्हणजे गेली पाच वर्षं मीही फ्लाय फिशिंग करतो.'

दुसऱ्या दिवशी पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन कुमुदला विचारलं, "फ्लाय फिशिंगवरचं एखादं पुस्तक आपल्या वाचनालयात असेल का गं?"

वाचनालयात नव्हतं. पुण्याहून एका मित्राकडून मागवलं. मग मी कामाला लागलो, आणि एकदा कामाला लागलो की मी फार भयंकर माणूस आहे. मोठ्या ड्रॉइंगशीटवर मी आठ महिन्यांचा तक्ता आखला. मार्च, एप्रिल: वाचन. मे: काठी मिळवणे. जून, जुलै: माशा बांधणे. ऑगस्टपासून फेकण्याचा सराव. तक्ता बैठकीच्या भिंतीवर लावला.

कुमुद त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही साधी पिशवी भरली नव्हतीत," ती म्हणाली. "दवाखान्यात एक टॉवेल आणि अडकित्ता घेऊन आला होतात."

काठी मला जुन्या बाजारात मिळाली. कधीकाळी मिरजेत राहिलेल्या कुणा गोऱ्या डॉक्टरची असावी. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, मधासारख्या रंगाची, पण शेंड्याकडे मोडलेली. ती दुरुस्त करायला मिरजेत एकच जागा होती. सतारी बनवणारे दस्तगीरचाचा.

चाचांनी ती डोळ्यांसमोर धरली, वाकवली, नखानं टिचकी मारून ऐकली.

"चीज अस्सल आहे साहेब. वाजवायची कशी?"

"वाजवायची नाही चाचा. मासे पकडायचे."

"कृष्णेतले?"

"हिमाचलातले."

"मिरजेस्नं जाणार तितकं लांब? आणि खाणार कोण? तुम्ही तर बोडस."

"खायचे नाहीत. पकडून सोडून द्यायचे."

चाचांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आजाऱ्याच्या खाटेपाशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "माणसाला एखादा शौक पाहिजेच, साहेब." आठ दिवसांत त्यांनी शेंडा रेशमी धाग्यानं आणि लाखेनं असा जोडला की सांधा शोधून सापडेना.

पाण्यात उभं राहण्यासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार लागते असं पुस्तकात होतं. ती मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या माणसाकडून शिवून घेतली आणि घरच्या हौदात उतरून पाहिली. पाणी आत आलं, पण बाहेर जाईना. कुमुदनं आणि गोखलेवहिनींच्या मिस्टरांनी दोन बाजूंनी धरून मला बाहेर काढलं. खोट्या माशांसाठी पिसं हवी होती, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा कोंबडीवाल्याच्या दुकानात गेलो. "फक्त मानेवरची पिसं द्या, बाकी नको," म्हणालो, तेव्हा रांगेतली माणसं थोडी बाजूला सरकली.

या आठ महिन्यांत दादाचा आणि माझा पत्रव्यवहार मात्र जोरात चालला. तो विचारायचा, तू कुठला दोरा वापरतोस? मी पुस्तकातून उतरवून काढायचो. मी विचारायचो, तिथे पाण्याचं तापमान किती असतं? तो कोष्टक करून पाठवायचा. उभ्या आयुष्यात आम्ही एकमेकांना इतकी पत्रं लिहिली नव्हती. त्यांत आईचा उल्लेख नव्हता, नऊ वर्षांचा नव्हता, आमच्या दोघांचाही नव्हता. फक्त मासे होते. मला ते फार सोयीचं वाटत होतं.

दादा आला. मी स्टेशनवर गेलो होतो. केस पांढरे झालेले, अंगानं बारीक झालेला, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात काठीची अॅल्युमिनियमची नळी. मिठी मारायची की वाकायचं हे माझं ठरेना. शेवटी मी बॅग घेतली.

"कानाला काय झालं?" त्यानं विचारलं.

"दाढी करताना."

त्यानं माझ्या कानाकडे आणखी एकदा बघितलं.

घरी आल्यावर मी त्याच्यापुढे चार दिवसांचा कार्यक्रम ठेवला. टंकलिखित, दोन प्रती. त्यानं चष्मा लावून वाचला.

"सकाळी सहा ते दहा नदीवर सराव. दहा ते साडेबारा माशा बांधणे. दुपारी दोन ते चार सामानाची तपासणी. चार ते सात परत नदीवर." त्यानं वर बघितलं. "आणि कुमुदशी गप्पा कधी मारायच्या?"

"परत आल्यावर."

"मी दिल्लीहूनच परत जाणार आहे, पदू."

"मग पुढच्या खेपेला," मी म्हणालो आणि कुमुद चहा घेऊन येते आहे असं दिसताच त्याला सामान दाखवायला गच्चीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो. दोन बायका धुणं धूत होत्या, चार म्हशी पाण्यात बसल्या होत्या. दादानं माझ्या काठीवरून हात फिरवला.

"सुंदर आहे रे. कुणी जोडली?"

"आहेत एक कारागीर."

"फेक बघू."

पुस्तकात घड्याळाची आकृती होती. काठी दहाच्या आकड्यापासून दोनच्या आकड्यापर्यंत मागे न्यायची, क्षणभर थांबायचं आणि पुढे आणायची. मी मनात घड्याळ आणलं. दहा, दोन, थांबलो, दहा. दोरा माझ्या डोक्यावरून गेला, टोपी घेऊन पुढे निघाला, आणि टोपी धुणं धुणाऱ्या बाईच्या बादलीत जाऊन पडली.

"वारा आहे," मी म्हणालो.

पान हलत नव्हतं. दादानं टोपी आणून दिली. बाईची माफीही त्यानंच मागितली.

"किती वर्षं करतोयस हे?"

"पाच."

"पदू."

"तशी... पाच सलग नाही."

"पदू."

"दोन महिने," मी म्हणालो. "त्याआधी सहा महिने नुसतं वाचत होतो."

तो घाटाच्या पायरीवर बसला आणि असा हसायला लागला की त्या दोन बायकाही हसू लागल्या. मला वाटलं होतं मी शरमेनं मरेन. पण तो हसताना हुबेहूब आमच्या वडिलांसारखा दिसत होता, आणि मीही हसलो.

"अरे, मला येत नाही एवढं लिहायचंस की," तो डोळे पुसत म्हणाला. "मी शिकवलं असतं. त्यासाठीच तर बोलावत होतो."

मग त्यानं मला शिकवलं. माझ्या मागे उभा राहून मनगट धरलं आणि म्हणाला, घड्याळ विसर, मागे गेलेला दोरा सरळ होईपर्यंत वाट बघ, घाई करू नकोस. तिसऱ्या दिवशी माझी माशी दहापैकी चार वेळा पाण्यावर पडू लागली. ते तीन दिवस इतके चांगले गेले की मला भीती वाटण्याचा विसर पडत होता.

पूर्ण नाही पडला. दादाला नदीवरून लवकर घरी जायचं असायचं. स्वयंपाकघरात पाटावर बसून कुमुदच्या हातची थालिपीठं खायची असायची, जुनं काही बोलायचं असायचं. तो पाटावर टेकला की मी हजर. "दादा, गळांची मोजणी राहिलीय." "दादा, मेण लावायचंय दोऱ्याला."

"तुम्ही त्यांना घरात टेकू का देत नाही?" कुमुदनं मला कपडे वाळत घालताना विचारलं. "इतक्या वर्षांनी आलाय माणूस. आणि तुम्ही त्याला गळ मोजायला लावताय."

"तयारी महत्त्वाची असते."

"कसली तयारी? मासे काही तक्ता बघून येणार आहेत?"

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही बैठकीत सामान भरत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. मी यादी वाचत होतो, दादा रिळावर दोरा गुंडाळत होता. कुमुद तांबडा लोकरी स्वेटर घेऊन आत आली.

"भाऊजी, हा घेऊन जा. तिकडे गारठा असेल. सासूबाईंनी विणलेला आहे, तुमच्यासाठीच. शेवटच्या वर्षी विणायला घेतला होता, एक बाही राहिली होती, ती मी पुरी केली."

"माझ्यासाठी?"

"दुसऱ्या कुणाला शिवू द्यायच्या नाहीत. आणि शेवटच्या आजारात तर काय, सारखं तुमचंच. दार वाजलं की, रतू आला का? भांडं पडलं तरी, रतू आला का? आम्हालाही रडू यायचं हो."

"कुमुद," मी म्हणालो, "टॉर्चचे सेल कुठं ठेवलेस?"

"तुमच्या हातात आहेत," ती म्हणाली आणि आत गेली.

दादानं दोरा गुंडाळणं थांबवलं नाही. शेवटपर्यंत गुंडाळला, टोक खोचलं, रीळ पिशवीत ठेवलं. स्वेटर मांडीवर तसाच होता.

"चल," तो म्हणाला. "नदीवर जाऊ."

रिक्षात दोघांच्याही मांडीवर काठ्या होत्या. घाटावर उन्हं उतरली होती. धुणंवाल्या बाया गेल्या होत्या, म्हशी होत्या. दादा पायरीवर बसला. मी एक पायरी सोडून बसलो.

"तू मला पत्र लिहिलं होतंस," तो म्हणाला. "आई गेल्यावर आठ दिवसांनी."

"हो."

"चार ओळी होत्या. तू आला नाहीस. सगळं मी एकट्यानं केलं. आईनं शेवटपर्यंत तुझं नाव एकदाही घेतलं नाही. यापुढे पत्र लिहू नकोस."

त्याला ते पाठ होतं. मलाही होतं.

"कुमुद खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे तू."

"मी."

तो उठला. मला वाटलं मारतो आता, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं असतं. पण त्यानं नळीतून आपली काठी काढली, जोडली आणि पाण्यात घोट्यापर्यंत उतरून फेकायला लागला. कृष्णेत ट्राउट नसतात हे त्यालाही ठाऊक होतं. दोरा मागे जायचा, सरळ व्हायचा, पुढे जायचा. फेकीमागून फेक. त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. अर्धा तास, पाऊण तास. मी माझी काठी मांडीवर घेऊन बसून राहिलो. आठ महिने मी गळ, दोरा, औषधं, सेल, सुतळी, सगळ्याची तयारी केली होती. या घटकेची एवढीच तयारी केली होती की ती येऊ नये. त्यासाठी त्याला पहाटेपासून नदीवर ठेवलं, पाटावर बसू दिलं नाही. हिमाचल मला पसंत पडलं त्यात हेही होतं की कुमुद तिथे येणार नव्हती.

तो परत आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"नऊ वर्षं मला वाटतंय की आई माझ्यावर रागावून गेली," तो म्हणाला. "बायकोला सांगितलं नाही, मुलीला, मीरालाही सांगितलं नाही. का लिहिलंस तसं?"

"ती मला रतू म्हणायची," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. मी दिवसभर तिच्याजवळ. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. आणि ती मला म्हणायची, रतू. पहिले दोन दिवस मी सांगत होतो, आई, मी पदू. तर ती दाराकडे बघायची आणि विचारायची, रतू आला का? दिवसभर. रडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी कुमुद बाहेर गेली होती. आईनं परत विचारलं आणि मी म्हटलं, हो आई, आलो मी."

दादा पायरीवर टेकला.

"त्यानंतर ती शांत झोपली. मग रोजच. कुमुद जवळ नसली की मी रतू व्हायचो. अकरा दिवस. तिनं विचारलं, तिकडे बर्फ किती पडतो? मी म्हटलं, गुडघाभर. मुलगी कशी आहे? म्हटलं, उंच झालीय. मला फोटोतून माहीत होतं तेवढं सांगितलं, बाकीचं रचलं. मला रचता येतं. तिनं माझ्या हातून मऊ भात खाल्ला तो तुझ्या हातून. गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिच्या लेखी तिथे तू होतास. मी नव्हतोच. पदू कुठं आहे, हे तिनं विचारलंही नाही. मग मी तुला पत्र लिहिलं."

मी एवढं बोलून थांबलो. आणि मग जे राहिलं होतं तेही बोललो, कारण आता लपवून काही उपयोग नव्हता. "आणि तू आला नाहीस ते माझ्यामुळेच. तू फोन केला होतास. मीच म्हणालो, घाई करू नकोस, मी सगळं व्यवस्थित बघतोय. तुला दहा दिवसांनंतरचं तिकीट मीच काढायला लावलं, आणि आई त्याआधीच गेली."

"व्यवस्थित होतं का?"

"नव्हतं. मला काय करावं कळत नव्हतं."

एक म्हैस पाण्यातून उठली, काठावर आली, अंग झाडलं. दादा तिच्याकडे बघत होता.

"अकरा दिवस मी तिथे होतो," तो हळूच म्हणाला. जणू तपासून बघत होता, ते वाक्य उभं राहतं का. मग माझ्याकडे वळला. "माझ्याशी काय बोलली ती?"

"सांगितलं ना. बर्फ, मीरा..."

"अजून काही बोलली असेल. अकरा दिवस आई माझ्याशी फक्त बर्फाबद्दल बोलली?"

मी काठीवरचा रेशमी धागा नखानं उकरत होतो.

"पदू. ते माझं आहे. दे."

"ती गेली त्याच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो, "तिनं मला, म्हणजे तुला, जवळ बोलावलं. म्हणाली, रतू, पदूकडे लक्ष ठेव. सगळं जमतं असं दाखवतो तो. त्याला एकट्याला काही जमत नाही."

आधी दादाच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मग तो हसतोय असं वाटलं आणि मग काहीच कळेना, कारण तो दोन्ही हातांनी तोंड झाकून गदगदत होता. मी उठून त्याच्याजवळ बसलो. पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून त्याची काठी धरून बसलो.

"नऊ वर्षं," तो शेवटी म्हणाला, "आईचा निरोप नऊ वर्षं दाबून ठेवलास."

"माझ्याबद्दल होता," मी म्हणालो. "आणि चांगला नव्हता."

यावर तो खरंच हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मी तुला अजून माफ केलेलं नाही, समजलास?"

"हो."

"उद्या गाडी किती वाजता?"

"दोन पस्तीस."

"आणि घरून किती वाजता निघायचं म्हणतोस?"

"साडेबाराला."

"पंधरा मिनिटांच्या स्टेशनला? काही नाही, दोनला निघू. तोवर मी कुमुदच्या स्वयंपाकघरात बसणार आहे."

तो बसला. सकाळी आठपासून पाटावर बसून होता. मी बाहेर बैठकीत बांधून झालेली वळकटी सोडून पुन्हा बांधत होतो. आतून कुमुदचा आवाज येत होता, मध्येच दोघांचं हसणं, मध्येच बराच वेळ काही नाही. कुमुद एकदा बाहेर आली. डोळे लाल होते. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली आणि काही न बोलता माझ्यापुढे थालिपीठ ठेवलं. त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोलली नाही. पुढेही दोन-तीन महिने ती अधूनमधून माझ्याकडे अशी बघायची, की मी आपण होऊन दळण आणायला जायचो.

तीर्थन नदीवर आम्ही पाच दिवस होतो. पाणी हिरवंगार आणि इतकं थंड की ताडपत्रीच्या विजारीतून ते आत शिरल्यावर मी मंत्रपुष्पांजली म्हणायला लागलो. दादानं सात मासे पकडले आणि सातही सोडले. मी देवदाराची एक फांदी, एक मोठा दगड, माझी स्वतःची पिशवी आणि मत्स्यखात्याच्या रखवालदाराचा मफलर पकडला. दादा पाचही दिवस माझ्या मागे चार पावलांवर उभा होता. मी घसरलो की धरायचा. त्याच्या अंगात तांबडा स्वेटर होता आणि त्याची एक बाही, कुमुदनं विणलेली, थोडी लांब होती.

ट्राउट माझ्या गळाला लागला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दादा पुढे चार वेळा आला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन असतो. "काय रे, जमतंय का?" असं विचारतो. पहिली काही वर्षं मी सवयीनं म्हणायचो, उत्तम चाललंय. मग तो काही बोलायचाच नाही. फोन तसाच चालू. मी खरं सांगेपर्यंत वाट बघायचा.

आता तो ऐंशीच्या घरात आला आहे. मीही काही लांब नाही. गेल्या महिन्यात कुमुदच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी तक्ता करायला घेतला: दवाखाना, औषधं, डबा, रात्रीची बाई. तीन दिवस बसलो, पण एकही रकाना भरेना. रविवारी फोन वाजला.

"काय रे, जमतंय का?"

"नाही जमत," मी म्हणालो. "भीती वाटते."

मग त्यानं विचारलं, "येऊ का?"

त्याचं वय, तो प्रवास, तिकडची त्याची औषधं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. नको रे, मी बघतो सगळं, हे वाक्य जिभेवर तयार होतं.

"ये," मी म्हणालो.